क्लेअर काउंटीची शीव: शॅनन नदी, ओब्रायन घराणं आणि नकाशावरची रेघ

प्रश्न असा होता की आयर्लंडच्या नकाशात क्लेअर काउंटी बघितली की जवळजवळ सगळीकडून पाणीच दिसतं, पश्चिमेला अटलांटिक, दक्षिणेला आणि पूर्वेला शॅनन नदी, म्हणजे बॉर्डर निसर्गानेच आखून दिलीय असं वाटतं. मग लिमरिक शहरापाशी ती मध्येच नदी सोडून उत्तरेला का चढते, अ‍ॅरन बेटं क्लेअरच्या किनाऱ्यासमोर असून गॉलवेत का, आणि शॅननच्या पश्चिमेला असूनही क्लेअर कॉनॉट प्रांतात नसून मन्स्टरमध्ये कशी?

मी इथे बरीच वर्षं जमिनीच्या सीमा आणि जुने नकाशे डिजिटल करण्याच्या कामात आहे, त्यामुळे काउंटी (जिल्ह्यासारखा भाग), बॅरनी (काउंटीतला तालुक्यासारखा भाग), पॅरिश (चर्चच्या कारभाराचा विभाग), टाउनलँड (जमिनीचा सगळ्यात छोटा विभाग) या रेघा रोज डोळ्यांसमोर असतात आणि क्लेअर माझ्या अगदी जिव्हाळ्याची, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी मुख्य मुद्दा सांगून टाकतो. शॅनन मुळात बॉर्डर नव्हतीच, तो रस्ता होता. ज्याच्याकडे होड्या त्याच्याकडे नदी, आणि ज्याच्याकडे नदी त्याच्याकडे दोन्ही काठ, असा तो हिशोब. नदी बॉर्डर झाली ती एका राजघराण्याच्या हातून पूर्वेकडचा काठ सुटला तेव्हा. आजची क्लेअर म्हणजे त्या घराण्याच्या मोठ्या राज्यातला शेवटपर्यंत टिकलेला तुकडा आहे, आणि नकाशावरचे सगळे विचित्र कोपरे या एका गोष्टीतून उलगडतात.

ते घराणं म्हणजे डाल गॅश लोकांचं, पुढे ज्यांना ओब्रायन म्हणायला लागले. ब्रायन बोरू यांच्यातलाच, १०१४ च्या क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेलेला. त्याचं मुख्य ठाणं होतं किलालूला. किलालू कुठे आहे ते नकाशात नीट बघा म्हणजे सगळं कळेल. लॉक डर्ग हे लांबलचक सरोवर दक्षिणेला जिथे संपतं आणि शॅनन पुन्हा अरुंद नदी होते, तिथे पश्चिमेला स्लीव्ह बर्नाचे डोंगर आणि पूर्वेला अराचे डोंगर, आणि या दोघांच्या खिंडीतून नदी खाली लिमरिककडे उतरते. त्या खिंडीवर बसलेला माणूस वरच्या सरोवरातून मध्य आयर्लंडपर्यंत जाऊ शकतो आणि खाली समुद्रापर्यंत नजर ठेवू शकतो. आता जर नदी ही सीमा असती तर राजा आपलं ठाणं सीमेच्या टोकावर कशाला ठेवेल, हे ठाणं राज्याच्या मधोमध होतं. थॉमंड, म्हणजे या घराण्याच्या राज्यात आजची क्लेअर, लिमरिकचा बराच भाग आणि टिपररीचा उत्तर भाग, सगळं येत होतं. १११८ च्या ग्लॅनमायरच्या तहात मन्स्टरचे दोन भाग झाले, उत्तरेचं थॉमंड आणि दक्षिणेचं डेस्मंड, तेव्हाही थॉमंड नदीच्या दोन्ही बाजूंना होतं.

याचा आजही टिकून असलेला पुरावा म्हणजे चर्चच्या सीमा. ११११ मध्ये राथ ब्रेसलची धर्मसभा झाली, तेव्हा आयर्लंडचे बिशपांचे इलाखे पहिल्यांदा नीट आखले गेले, आणि त्या वेळी सगळ्यात ताकदवान राजा होता मुर्खर्टाख ओब्रायन. किलालूच्या बिशपचा इलाखा आजसुद्धा क्लेअरमधून निघून शॅनन ओलांडतो, उत्तर टिपररीत जातो आणि ऑफलीपर्यंत पोचतो. काउंट्यांच्या रेघा चारशे-साडेचारशे वर्षांच्या, बिशपांच्या इलाख्यांच्या या रेघा त्यांच्याहून साडेचारशे वर्षं जुन्या. मी नव्या माणसाला काम शिकवतो तेव्हा पहिल्यांदा बिशपांच्या इलाख्यांचा लेयर चालू करायला सांगतो, कारण काउंटीची रेघ बाराव्या शतकातलं राजकारण दाखवत नाही, ही दाखवते. ११५२ च्या केल्सच्या सभेत किलफेनोराला वेगळा छोटा बिशप मिळाला, तो इलाखा म्हणजे वायव्य क्लेअरमधल्या कोर्को मोड्रुअड या जुन्या टोळीचा मुलूख, आणि पुढे बरन आणि कॉर्कमरो या दोन बॅरनी साधारण त्याच जागेवर बसल्या. राजे गेले, टोळी गेली, पण इलाख्याची शीव तशीच राहिली.

मग नॉर्मन आले. थॉमंडचा राजा डोनल मोर ओब्रायन ११९४ ला वारला आणि त्याच्यानंतर लिमरिक शहर हातातून गेलं, टिपररीकडची जमीन थिओबाल्ड वॉल्टरच्या घराण्याला, म्हणजे पुढच्या बटलर लोकांना गेली. ओब्रायन हळूहळू नदीच्या पश्चिमेला सरकले. तिथेही त्यांना सुखाने राहू दिलं नाही, १२७६ मध्ये इंग्लंडच्या राजाने थॉमंड थॉमस डी क्लेअरला देऊन टाकलं, त्याने बनरॅटीला ठाण मांडलं, आणि पुढची चाळीस वर्षं ओब्रायनांच्याच दोन शाखा एकमेकींशी भांडत होत्या आणि डी क्लेअर एकीला हाताशी धरून दुसरीला मारत होते. याचा शेवट १० मे १३१८ ला डिझर्ट ओडे इथे झाला. रिचर्ड डी क्लेअर लढाईत पडला आणि नॉर्मन सत्ता थॉमंडमधून उठली ती उठलीच, पुढची दोनशेहून जास्त वर्षं तिथे पुन्हा पाय रोवता आला नाही.

माझ्या मते क्लेअरच्या बॉर्डरची खरी जन्मतारीख हीच. रेघ कुणी काढली नव्हती, काउंटी हा शब्दही तिथे लागू नव्हता, पण त्या दिवसानंतर शॅननच्या एका बाजूला गेलिक कायदा आणि ओब्रायन आणि त्यांच्या हाताखालच्या मॅकनमारा सरदारांचं राज्य, आणि दुसऱ्या बाजूला बटलर, लिमरिकचे व्यापारी, डेस्मंडचे अर्ल असं चित्र पक्कं झालं. नदीने मदत केली हे खरं, लिमरिकच्या खाली तर ती खाडीच आहे, जवळजवळ शंभर किलोमीटर लांब आणि समुद्राकडे रुंदच होत जाणारी, आजही खालच्या भागात पूल नाही, किलिमर ते टार्बर्ट फेरीने वीस मिनिटांत केरीत पोचता येतं नाहीतर लिमरिकवरून शंभरहून जास्त किलोमीटरचा वळसा. पण हीच खाडी त्याआधी शेकडो वर्षं तिथेच होती आणि तेव्हा ती कुणाची बॉर्डर नव्हती, हे विसरायचं नाही.

आता काउंटी म्हणून. १५४३ ला मरो ओब्रायनने आपलं राज्य इंग्लंडचा राजा हेन्री आठवा याच्या पायाशी ठेवलं आणि अर्ल ऑफ थॉमंड म्हणून परत घेतलं. १५७० च्या सुमारास लॉर्ड डेप्युटी, म्हणजे आयर्लंडमधला इंग्लंडच्या राणीचा प्रतिनिधी, सर हेन्री सिडनीने या भागाची काउंटी केली. काउंटी करणं म्हणजे तिथे शेरीफ नेमणं, कोर्ट बसवणं, कर लावणं. सिडनीच्या माणसांनी फिरून नव्या सीमा मोजल्या नाहीत, तेवढी ताकदही नव्हती आणि वेळही नव्हता, त्यांनी विचारलं की कोणत्या सरदाराची सत्ता कुठपर्यंत चालते, आणि त्या सरदाराचा मुलूख ती बॅरनी, सगळ्या बॅरन्या मिळून ती काउंटी. बरन, कॉर्कमरो, इंचिक्विन, इब्रिकन, क्लॉन्डरलॉ, मोयार्टा, टुला, बनरॅटी ही नावं बघा, प्रत्येकाच्या मागे कुठलं तरी घराणं किंवा जुना मुलूख उभा आहे. म्हणून क्लेअरची बाहेरची रेघ वाकडीतिकडी दिसते तिथे ती निसर्गाची नसून दोन घराण्यांनी कुठे थांबायचं कबूल केलं त्याची असते.

सिडनीने क्लेअर कॉनॉटला जोडली, त्याच्या दृष्टीने सरळ होतं, शॅननच्या पलीकडे ते कॉनॉट. फार जुन्या काळी हा मुलूख कॉनॉटकडेच होता आणि मन्स्टरच्या लोकांनी तो जिंकून घेतला अशी परंपराही आहे, त्यामुळे नदी हीच प्रांतांची जुनी सीमा असं म्हणणारे लोक आजही भेटतात. पण ओब्रायन स्वतःला मन्स्टरचे राजे समजत होते, ब्रायन बोरू मन्स्टरचा राजा होता, आणि थॉमंडच्या अर्लना कॉनॉटच्या गव्हर्नरच्या हाताखाली राहणं मान्य नव्हतं. सतराव्या शतकात क्लेअर पुन्हा मन्स्टरकडे आली. म्हणजे भूगोल कॉनॉट म्हणत होता आणि इतिहास मन्स्टर, इथे इतिहास जिंकला.

त्याच शतकात नदीचा बॉर्डर म्हणून सगळ्यात क्रूर वापर झाला. इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल आयर्लंड जिंकल्यावर कॅथलिक जमीनदारांना बाकीच्या आयर्लंडमधून उठवून कॉनॉट आणि क्लेअरमध्ये पाठवायचा हुकूम निघाला, मुदत होती १ मे १६५४. शॅनन ही जणू तुरुंगाची भिंत. आणि तेवढ्यावर भागलं नाही, नदीच्या आणि समुद्राच्या काठाने एक मैल रुंदीची पट्टी विस्थापितांना द्यायची नाही असं ठरलं, ती सैनिकांसाठी, म्हणजे आत कोंडलेल्या माणसांना ना होडी मिळावी ना परदेशातून मदत. पाण्याने वेढलेली काउंटी असून पाण्यापर्यंत जायची सोय नाही. ही पट्टी प्रत्यक्षात किती ठिकाणी पाळली गेली यात फरक पडत गेला, पण शॅननच्या पलीकडे म्हणजे हद्दपारी ही भावना इथल्या लोकांच्या मनात तेव्हापासून घट्ट बसली. मला या कामात सगळ्यात जास्त त्रास देणारा विषय हाच, कारण नकाशावर एक मैलाचा बफर काढायला दोन सेकंद लागतात आणि त्या बफरच्या आत-बाहेर कुणाचं घर आलं यावर त्या काळी अख्ख्या कुटुंबाचं नशीब ठरत होतं.

आणि कुठे पाठवलं तेही बघा. लडलो नावाचा क्रॉमवेलचा सेनापती १६५१ मध्ये बरनमधून गेला, त्याने लिहून ठेवलंय की इथे माणूस बुडवायला पुरेसं पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही. लोक एवढंच सांगतात, पण त्याने पुढे असंही लिहिलंय की तिथली गुरं चांगली धष्टपुष्ट आहेत, कारण दगडांच्या फटीतलं गवत गोड आहे. ते आजही खरं आहे, बरनचे शेतकरी हिवाळ्यात गुरं वर डोंगरावर नेतात, सगळीकडे याच्या उलट करतात. चुनखडीचा खडक उन्हाळ्यातली उष्णता धरून ठेवतो आणि पाणी खाली निघून जातं म्हणून वरची जमीन कोरडी राहते.

या चुनखडीवरूनच अ‍ॅरन बेटांकडे येतो. भूगर्भाच्या दृष्टीने ती तीन बेटं म्हणजे बरनच आहे, तोच कार्बोनिफेरस चुनखडीचा थर समुद्रात बुडून पुन्हा वर आलेला, तशाच सपाट फरशा, तशाच उभ्या भेगा. डूलिनच्या धक्क्यावरून इनिशीर समोर दिसतं, आठ किलोमीटरच्या आसपास. खडकाला विचारलं तर बेटं क्लेअरची. आणि बराच काळ ती ओब्रायनांच्या एका शाखेकडेच होती. पण सोळाव्या शतकात पश्चिम गॉलवेच्या ओफ्लाहर्टींनी त्यांना हुसकावलं, मग १५८७ ला बेटं एलिझाबेथ राणीच्या ताब्यात गेली, आणि गॉलवे शहराचा व्यापार बेटांपलीकडून येणाऱ्या जहाजांवर चालत असल्यामुळे त्या शहराला ती आपल्या बाजूला हवीच होती. काउंट्यांच्या रेघा पक्क्या होण्याच्या नेमक्या त्या काळात बेटं ओब्रायनांच्या हातात नव्हती, म्हणून गॉलवे. हेच भांडण शंभर वर्षं आधी किंवा नंतर झालं असतं तर कदाचित वेगळं दिसलं असतं.

ईशान्येला पाणी नाहीये, तिथे स्लीव्ह ऑटीचे डोंगर आहेत, उंच म्हणावेत असे नाहीत, सर्वोच्च जागा ४०० मीटरच, पण दलदल, पीट, आणि आता स्प्रूसची लावलेली जंगलं. क्लेअरच्या बाजूला मॅकनमारा आणि उत्तरेला क्लॅनरिकार्डचे बर्क, मधला ओला डोंगर कुणालाच फारसा उपयोगाचा नव्हता, आणि अशा निरुपयोगी जमिनीतून जाणारी सीमा सगळ्यात टिकाऊ असते असा माझा अनुभव आहे, भांडायला कुणी येतच नाही. पण डोंगराची आग्नेय उतरण, जी लॉक डर्गकडे तोंड करून आहे, तिथे गडबड होती. इनिशकॅल्ट्रा आणि क्लॉनरश या दोन पॅरिश डोंगराच्या अलीकडे, पाणी सरोवरात वाहणारं, बाजारहाट जवळच्या स्कॅरिफ गावी, पण काउंटी गॉलवे, कारण ती जमीन क्लॅनरिकार्डांच्या बॅरनीत मोजली गेली होती. बिशपच्या इलाख्यात मात्र त्या कायम किलालूच्या.

इनिशकॅल्ट्रा हे लॉक डर्गमधलं बेट, आजही होली आयलंड म्हणून ओळखलं जातं, वर जुना गोल मनोरा आणि चर्चचे अवशेष आहेत. ब्रायन बोरूचा सख्खा भाऊ मार्कान तिथला मठाधिपती होता, १०१० च्या सुमारास वारला. ज्या बेटावर ओब्रायनांच्या मूळपुरुषाचा भाऊ गादीवर होता ते बेट तीनशेहून जास्त वर्षं गॉलवे काउंटीत होतं. हे शेवटी दुरुस्त झालं ते कुणा राजामुळे नाही, १८९८ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यामुळे, जेव्हा काउंटी कौन्सिलं आली आणि कारभाराच्या सोयीने सीमा सरळ करायचं ठरलं. माउंटशॅनन आणि व्हाइटगेट ही गावं तेव्हापासून क्लेअरमध्ये. तिथली मुलं आज क्लेअरच्या निळ्या-पिवळ्या जर्सीत हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळतात आणि त्यांच्या खापरपणजोबांच्या काळात गाव गॉलवेत होतं हे बऱ्याच जणांना सांगावं लागतं.

हा हर्लिंगचा मुद्दा साधा नाही. इंग्रजांनी कर गोळा करायला आखलेल्या काउंट्या आयरिश लोकांच्या काळजात शिरल्या त्याचं मोठं कारण जीएए, १८८४ ला थर्लसला स्थापन झालेली खेळांची संघटना, आणि तिचा एक संस्थापक मायकल क्युसॅक हा बरनमधल्या कॅरनचा. १९१४ नंतर थेट १९९५ ला क्लेअरने ऑल-आयर्लंड हर्लिंग जिंकलं, ८१ वर्षं वाट बघून. ज्या लोकांनी ते दिवस पाहिलेत त्यांना तुम्ही सांगून बघा की काउंटी ही सिडनीने केलेली प्रशासकीय सोय आहे.

आता लिमरिक. शॅननच्या पात्रातल्या किंग्ज आयलंड या बेटावर दहाव्या शतकात व्हायकिंग वसले, शहर मुळातच नदीच्या मध्यात उभं राहिलं, एका काठाचं नव्हतंच. त्याची शेतं, कुरणं, लाकूडफाटा दोन्ही बाजूंनी येणार हे उघड आहे. लिमरिकच्या बिशपचा इलाखा आजही नदीच्या उत्तरेला क्रॅटलो आणि पार्टीनपर्यंत जातो, जे काउंटी म्हणून क्लेअरमध्ये आहेत, आणि मला हा व्हायकिंग शहराच्या जुन्या परिसराचाच ठसा वाटतो. नॉर्मन लोकांनी १२०० नंतर थॉमंड ब्रिजच्या तोंडाशी किंग जॉन्स कॅसल बांधला, तोंड ओब्रायनांच्या मुलखाकडे. पुलाच्या पलीकडची जमीन शत्रूकडे ठेवून शहर झोपू शकत नव्हतं. १६०९ ला जेम्स राजाने सनद देऊन लिमरिक शहराला स्वतंत्र काउंटीचा दर्जा दिला आणि भोवतालची काही मैलांची जमीन शहराला जोडली, त्यातला उत्तरेकडचा भाग म्हणजे नॉर्थ लिबर्टीज. एकोणिसाव्या शतकात शहराचे हे जादा हक्क कमी झाले तेव्हा ती जमीन क्लेअरला न जाता लिमरिक काउंटीला गेली. म्हणून नकाशावर तो फुगवटा. थॉमंड पार्क हे रग्बीचं स्टेडियम नदीच्या उत्तरेला आहे आणि लिमरिकमध्ये आहे.

गंमत म्हणजे आता उलटा प्रश्न आलाय, शहर पसरत पसरत क्लेअरमध्ये घुसलंय, वेस्टबरीसारख्या वसाहती लिमरिकची उपनगरं आहेत पण काउंटी क्लेअर, आणि युनिव्हर्सिटी ऑफ लिमरिकचा उत्तर कॅम्पस नदीपलीकडे क्लेअरमध्ये, मधे पायी जायचा लिव्हिंग ब्रिज. २०१४ ला लिमरिक शहर आणि लिमरिक काउंटीची कौन्सिलं एक झाली, पण क्लेअरची रेघ हलली नाही. मला स्वतःला ती हलवू नये असंच वाटतं, बस, पाणी, कचरा यांची सोय दोन कौन्सिलं मिळून करू शकतात, त्यासाठी लोकांची काउंटी बदलायची गरज नाही.

नदी स्वतःही हललीय. १९२५ ते १९२९ मध्ये आर्डनाक्रुशाचं जलविद्युत केंद्र बांधलं, जर्मनीच्या सीमेन्स कंपनीने, आणि त्यासाठी पार्टीनच्या बंधाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरचा कालवा खणून शॅननचं बहुतेक पाणी क्लेअरच्या आतून वळवलं. बॉर्डर मात्र जुन्या पात्रातच राहिली. म्हणजे कॅसलकॉनलजवळ तुम्ही ज्या उथळ पाण्याला क्लेअर-लिमरिकची सीमा म्हणता तिथे शॅननचा थोडाच हिस्सा वाहतो, खरी मोठी शॅनन पलीकडे पूर्ण क्लेअरमध्ये आहे.

रेघा कागदावर आल्या कशा तेही सांगतो, कारण त्यात भारताचाही धागा आहे. १८२४ ला कर्नल कोल्बीच्या हाताखाली आयर्लंडचा ऑर्डनन्स सर्व्हे सुरू झाला, मैलाला सहा इंच या प्रमाणात अख्खा देश. कोल्बीने सर्व्हेची पहिली आधाररेषा मोजायला पितळ आणि लोखंडाच्या जोडपट्ट्या बनवल्या, उष्णतेने लांबी बदलू नये म्हणून, आणि १८२९ ला भारताच्या सर्व्हेतला जॉर्ज एव्हरेस्ट ती पद्धत बघायला आयर्लंडला आला, तशाच पट्ट्या पुढे भारताच्या सर्व्हेत वापरल्या. सीमांचं काम रिचर्ड ग्रिफिथच्या खात्याकडे होतं, गावातला एक माहितगार माणूस नेमायचे, त्याला मिअर्समन म्हणत, तो पुढे चालायचा आणि हा ओढा, हा बांध, हा दगड असं दाखवायचा. आपल्याकडे मोजणीला गावातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढे घालतात तसंच अगदी. साठ हजारांहून जास्त टाउनलँड अशा पायी चालून ठरल्या. १८३९ ला जॉन ओडोनोव्हन आणि युजीन ओकरी क्लेअरमध्ये नावं आणि परंपरा गोळा करत फिरले, ओकरी तर क्लेअरचाच, कॅरिगाहोल्टजवळच्या डूनाहाचा.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर ते जुने सहा इंची नकाशे आज ऑनलाइन फुकट बघता येतात. चार लेयर एकावर एक ठेवा, टाउनलँड, बॅरनी, बिशपांचे इलाखे आणि आजची काउंटी, आणि किलालूपासून सुरू करून नदीच्या काठाने खाली लिमरिकपर्यंत या. जिथे चारही रेघा एकत्र धावतात तिथे सीमा जुनी आणि निर्विवाद आहे, जिथे त्या फाकतात तिथे कुणीतरी कधीतरी काहीतरी गमावलेलं आहे, त्या जागी थांबून सनदा आणि कायदे शोधा. व्हाइटगेट, क्रॅटलो आणि नॉर्थ लिबर्टीज या तीन जागांवर रेघा सगळ्यात जास्त फाकलेल्या दिसतील, तिथूनच सुरुवात करा.